ताकेशी ओकादा: लोकप्रियतेच्या यादीत या माणसाला कुठे बसवायचं?

शाहू_गॅलरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

निवृत्त खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्या लोकप्रियतेच्या याद्या मी आवडीने वाचतो. कोण वर, कोण खाली, यावरून मित्रांशी भांडतोही. पण जपानच्या फुटबॉल प्रशिक्षक ताकेशी ओकादाचं नाव दिसलं की तिथेच अडखळतो. तो वर असला तरी पटत नाही आणि खाली असला तरी पटत नाही. या एका माणसाने लोकप्रियतेचा तळ दोनदा पाहिलाय आणि शिखरही दोनदा. यादी कुठल्या दिवशी केली, एवढ्यावरच त्याचा क्रमांक ठरतो.

नाव नवीन असलेल्यांसाठी थोडं सांगतो. जन्म १९५६, ओसाका. वासेदा विद्यापीठ, मग फुरुकावा इलेक्ट्रिक या कंपनीचा संघ. चष्मा लावणारा, डोक्याने खेळणारा बचावपटू. राष्ट्रीय संघाकडून २४ सामने आणि १ गोल. खेळाडू म्हणून एवढंच. कुठल्याही यादीत तो येतो तो प्रशिक्षक म्हणून.

आता १९९७ ची गोष्ट. जपान तोवर एकदाही विश्वचषकाला पात्र ठरला नव्हता. १९९३ साली दोहामध्ये इराकने अगदी शेवटच्या क्षणी २-२ अशी बरोबरी साधली आणि हातातोंडाशी आलेला घास गेला, ती जखम अजून ओली होती. १९९८ च्या पात्रता फेरीतही गाडी घसरायला लागली. ४ ऑक्टोबरला अल्माटीत कझाकस्तानशी १-१ झाल्यावर प्रशिक्षक शू कामो यांना दौऱ्यावरच काढलं आणि त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ओकादाला उभं केलं. वय ४१. मुख्य प्रशिक्षक म्हणून एकाही संघाचा अनुभव नाही.

पुढचा सामना ताश्कंदला, १-१. मग टोकियोत अमिरातीशी पुन्हा १-१. त्या रात्री राष्ट्रीय स्टेडियमबाहेर प्रेक्षकांचा जो उद्रेक झाला त्याचा विषय जपानी फुटबॉलमध्ये अजूनही निघतो. घरी धमक्यांचे फोन, दारात पोलिसांची गाडी, हे सगळं त्याने नंतर अनेकदा सांगितलंय. त्या दिवशी लोकप्रियतेची यादी काढली असती तर तो तळाला असता.

पण सोलमध्ये जाऊन कोरियाला २-० हरवलं, कझाकस्तानला ५-१, आणि १६ नोव्हेंबरला मलेशियातल्या जोहोर बाहरूमध्ये इराणशी निर्णायक सामना. जपान १-२ मागे. ६३ व्या मिनिटाला ओकादाने दोन्ही आघाडीचे खेळाडू, काझु मिउरा आणि नाकायामा, एकाच वेळी बाहेर काढले. काझुने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून 'मी?' असं विचारलं, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. पण बदली आलेल्या शोजी जो ने हेडरने बरोबरी केली, आणि जादा वेळ संपत आला असताना ११८ व्या मिनिटाला नाकाताचा फटका इराणच्या गोलकीपरने परतवला, तो ओकानोने घसरत जाळ्यात ढकलला. गोल्डन गोल. सामना तिथेच संपला. त्याआधी जादा वेळात ओकानोने सोप्या संधी घालवल्या होत्या, आणि तरीही तो मैदानावर होता.

एका रात्रीत तळावरून शिखरावर. आणि सात महिन्यांनी पुन्हा तळाला, कारण काझुला विश्वचषकाच्या संघातून वगळलं आणि जपान फ्रान्समधले तिन्ही सामने हरला.

माझा प्रश्न असा. अशा माणसाचा क्रमांक ठरवायचा तर कशावर? मला वाटतं, प्रशिक्षकाची लोकप्रियता तो पदावर असताना मोजूच नये. खुर्ची सोडल्यावर दहा वर्षं जाऊ द्यावीत, मग विचारावं. तुम्हाला काय वाटतं?

---

तळेगावकरीण

उत्तम धागा. ही नावं फक्त कानावरून गेली होती. वाचतेय.

---

अकरा_नंबर

शाहू_गॅलरी, लेखन आवडलं, पण काझुचा विषय एका ओळीत उरकलात, ते मला मान्य नाही. ओकादाच्या नावापुढे तो प्रसंग कायमचा लिहिला जायला हवा.

काझु मिउरा कोण, हे आधी बघा. १९८२ साली, वय वर्षं १५, एकटा ब्राझीलला गेला. जपानमध्ये तेव्हा व्यावसायिक लीगसुद्धा नव्हती. तिथल्या सांतोस क्लबपर्यंत पोचला. १९९० ला परत आला आणि १९९३ मध्ये जे-लीग सुरू झाली तेव्हा पहिल्याच हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. जपानी मुलांनी बेसबॉलची बॅट ठेवून फुटबॉलला पाय लावला, त्यात त्याचा वाटा कुणीही नाकारणार नाही. देशासाठी ८९ सामने, ५५ गोल. दोहाला त्या रात्री तो मैदानावर होता. विश्वचषक त्याचं आयुष्यभराचं स्वप्न होतं.

आणि वगळलं कसं? घरी असताना नाही. २५ जणांना युरोपात नेलं, २२ ची यादी द्यायची होती. २ जूनला स्वित्झर्लंडमधल्या न्योंमध्ये, पहिल्या सामन्याला दोन आठवडेही उरले नसताना, पत्रकारांसमोर नावं घेतली: इचिकावा, काझु, किताझावा. काझु आणि किताझावा घरी परतले. १८ वर्षांचा इचिकावा संघाच्या मदतीला तिथेच थांबला.

वगळायचंच होतं तर टोकियोतच वगळायला हवं होतं. हा निर्णय खेळाचा असेल, पण पद्धत माणुसकीची नव्हती. मग लोक चिडले, त्यात लोकांचं काय चुकलं? लोकप्रियता गेली ती हक्काने गेली.

---

शाहू_गॅलरी

अकरा_नंबर, मुद्दा वजनदार आहे. पद्धतीबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही.

पण निर्णयाबद्दल घालीन. अंतिम पात्रता फेरीच्या पहिल्या सामन्यात काझुने उझबेकिस्तानला चार गोल मारले, ६-३. त्यानंतर त्या फेरीत त्याचा एकही गोल नाही. जोहोर बाहरूला त्याला बाहेर काढल्यावरच बरोबरी झाली. हे सगळं ओकादाने बाकावरून पाहिलं होतं. वय ३१, दुखापती चालू. त्या जागी ओनो शिंजीसारखा १८ वर्षांचा मुलगा नेला, जो पुढे जपानच्या सर्वात देखण्या खेळाडूंपैकी एक ठरला.

हेही खरं की ज्या जो वर भिस्त ठेवली त्याने विश्वचषकात एकही गोल केला नाही, आणि परत आल्यावर विमानतळावर कुणीतरी त्याच्या अंगावर पाणी ओतलं. अर्जेंटिना ०-१, क्रोएशिया ०-१, जमैका १-२. जपानचा विश्वचषकातला पहिलावहिला गोल नाकायामाचा, तोही जमैकाविरुद्ध, हरता हरता.

मला त्यात एवढंच दिसतं की देशातल्या सर्वात लाडक्या माणसाला वगळायचं म्हणजे स्वतःचा क्रमांक तळाला जाणार, हे कुठल्याही प्रशिक्षकाला आधीच कळतं. ते कळूनही त्याने केलं.

---

आकडेमोड

लोकप्रियता मोजणं म्हणजे नेमकं काय मोजणं, हे आधी ठरवू या. बऱ्याच याद्या शोध आणि क्लिक मोजतात. म्हणजे माणूस किती चर्चेत आहे, एवढंच. शिव्या देण्यासाठी शोधणारा आणि कौतुकाने शोधणारा, दोघांची क्लिक सारखीच. त्या हिशेबात २ जून १९९८ ला ओकादा जपानचा सर्वात 'लोकप्रिय' माणूस ठरला असता.

दुसरी पद्धत मतांची. जपानमध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळाडू पत्रकारांच्या मतांनी निवडण्याची जुनी प्रथा आहे. पण पत्रकारांचं मत म्हणजे गॅलरीतल्या माणसाचं मत नाही.

---

जुना_रेडिओ

माझं वय सत्तरीपुढे, म्हणून थोडं मागे नेतो. जपानी फुटबॉलमधलं पहिलं खरं लाडकं नाव कुनिशिगे कामामोतो. तोही निवृत्त खेळाडू आणि प्रशिक्षक, त्यामुळे तुमच्या धाग्यात बसतो.

१९६८ चं मेक्सिको ऑलिंपिक. कांस्यपदकाच्या सामन्यात यजमान मेक्सिकोला, अझ्टेका स्टेडियममध्ये, त्यांच्याच गर्दीसमोर जपानने २-० हरवलं. दोन्ही गोल कामामोतोचे. स्पर्धेत त्याचे ७ गोल, सर्वात जास्त. पुढच्याच वर्षी काविळीच्या आजाराने तो अंथरुणाला खिळला आणि १९७० च्या विश्वचषकाची पात्रता फेरी हुकली. तरी देशासाठी ७६ सामन्यांत ७५ गोल. जपानच्या जुन्या लीगमध्ये यानमारकडून २०२ गोल. १९८४ ला त्याच्या निरोपाच्या सामन्याला स्वतः पेले खेळायला आला होता.

पण जे-लीग सुरू झाली तेव्हा तो गाम्बा ओसाकाचा प्रशिक्षक होता आणि गाम्बा खालच्या अर्ध्यातच घुटमळत होता. त्यापायी कुणी त्याचा क्रमांक खाली आणला का? नाही. लोकांना त्याचे फटके आठवतात, त्याचा बाक नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तो गेला.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदकासाठी भारताने याच जपानला १-० हरवलं होतं. त्या वेळी आम्हाला ती नेहमीची गोष्ट वाटली. ते आपलं आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं शेवटचं पदक ठरेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

---

शाहू_गॅलरी

जुना_रेडिओ काका, कोल्हापुरातून नमस्कार. १९७० ची आठवण वाचून थांबलो. आमच्या घरी आजोबा सय्यद नईमुद्दीनचं नाव घ्यायचे, तो त्या संघाचा कर्णधार.

तुमच्या प्रतिसादातून मला एक गोष्ट कळली. कामामोतो आधी लाडका झाला आणि मग प्रशिक्षक झाला. त्याच्याकडे शिल्लक होती, त्यातून खर्च केला. ओकादाकडे शिल्लकच नव्हती. २४ सामने आणि १ गोल घेऊन तो बाकावर आला, मग प्रत्येक पराभव थेट अंगावर.

---

सई_ओसाका

धागा आज सकाळी ट्रेनमध्ये वाचला आणि उतरायचं स्टेशन गेलं. मी २००८ पासून ओसाकात आहे, भाषांतराचं काम करते. दोन-तीन गोष्टी इथल्या भाषेतून सांगते, कारण ओकादासानांची लोकप्रियता मला आकड्यांपेक्षा लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दांत जास्त दिसली.

इथे प्रशिक्षकाला 'कांतोकु' म्हणतात. बेसबॉलच्या संघाचा प्रमुख कांतोकु, सिनेमाचा दिग्दर्शकही कांतोकु. शब्दातच आदर आणि थोडी भीती आहे. कांतोकुला लाडाने हाक मारत नाहीत. पण ओकादासानांना लोक 'ओका-चान' म्हणायचे. 'सान' आदराचं, आपल्या 'राव'सारखं; 'चान' म्हणजे आपण बाळ्या, पिंट्या म्हणतो तसं. राष्ट्रीय संघाच्या प्रमुखाला अख्ख्या देशाने असं म्हणावं, हे मला आल्याआल्या फार विचित्र वाटलं होतं.

दुसरा शब्द 'यामेरो'. म्हणजे सोड, चालता हो. २०१० च्या वसंतात हा शब्द मी रोज ऐकला. पार्श्वभूमी अशी की २००७ च्या अखेरीस प्रशिक्षक ओसिम यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ओकादासानांना पुन्हा बोलावलं. त्यांनी ध्येय सांगितलं ते थेट उपांत्य फेरीचं. लोक हसले. मग मायदेशात कोरियाकडून हार, सर्बियाकडून ०-३, मे महिन्यात सैतामाला पुन्हा कोरियाकडून ०-२. आमच्या ऑफिसात फुटबॉलचा फ सुद्धा माहीत नसलेल्या बायका 'ओका-चान यामेरो' म्हणत होत्या. लाडाचा शब्द आणि हाकलायचा शब्द एकाच श्वासात.

तिसरा शब्द 'गोमेन'. म्हणजे माफ कर. १४ जूनच्या रात्री विश्वचषकात कॅमेरूनला १-० हरवलं, इथे तो सामना रात्री अकराला सुरू झाला होता. त्यानंतर ट्विटरवर 'ओका-चान गोमेन ने' असे शब्द लिहिले जाऊ लागले. ओका-चान, माफ कर रे. हजारो अनोळखी माणसं एका माणसाची माफी मागत होती. २५ जूनच्या पहाटे साडेतीनला डेन्मार्कचा सामना सुरू झाला, ३-१ जिंकलो, आणि त्या सकाळी माझा साहेब, जो कधी हसायचा नाही, तो डोळे सुजलेले घेऊन आला आणि आपल्या संघातल्या होंडाच्या फ्री-किकची नक्कल करून दाखवली.

मला त्या माफीचं फार वाटलं. नंतर सोयीने विसरून जाणं सोपं असतं. इथे लोकांनी आपण काय म्हणालो होतो ते आठवून माफी मागितली.

---

बालेवाडी_स्टँड

सईताई, अंगावर काटा आला. ट्विटरच्या त्या सुरुवातीच्या काळात असं काही घडलं होतं हे माहीत नव्हतं.

त्या संघाबद्दल एक भर. द. आफ्रिकेला जायच्या आधी ओकादाने जे बदल केले ते फार धाडसी होते. स्पर्धेच्या तोंडावर कर्णधारपद नाकाझावाकडून काढून हासेबेला दिलं. गोलमध्ये नाराझाकीऐवजी कावाशिमा. शुनसुके नाकामुरा, ज्याच्याभोवती अख्खा संघ बांधला होता, तो बाकावर. होंडा मुळात मधल्या फळीतला, त्याला एकटा पुढे उभा केला. बचाव आणि मधली फळी यांच्यात आबेला उभं केलं. दोन वर्षं जे शिकवलं ते बाजूला ठेवून, आपण कमकुवत आहोत हे मान्य करून खेळ उभा केला. आमच्या इथे कॅमेरूनचा सामना संध्याकाळी साडेसातला होता. होंडाचा गोल होईपर्यंत मी जपानचा पाठीराखा नव्हतो, त्यानंतर झालो.

पॅराग्वेविरुद्ध पेनल्टीवर हरले. कोमानोचा फटका आडव्या दांडीला लागला. दुसऱ्या दिवशी मी कामावर गप्प होतो.

अवांतर: जपानी खेळाडू आणि लोकप्रियता म्हटलं की पुणेकरांना आरता इझुमी आठवणारच. आई जपानी, वडील भारतीय. आधी मुंबईत महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी. भारताकडून खेळायचं म्हणून त्याने जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. बालेवाडीत त्याचं नाव पुकारलं की स्टँडमधून जो आवाज यायचा, तो मोजायचं यंत्र कुठल्या यादीवाल्याकडे आहे?

---

अकरा_नंबर

बालेवाडी_स्टँड, इझुमीला +१. त्याला मी कूपरेजवर पाहिलंय.

आणि बघा, तुम्ही सांगितलेल्या बदलांत मला १९९८ पुन्हा दिसतो. तेव्हा काझु, आता नाकामुरा. दोन्ही वेळा सर्वात लाडका माणूस बाहेर. फरक एवढाच की २०१० मध्ये नाकामुराला घरी पाठवलं नाही. आणि गोलकीपर कावागुची, ज्याला खेळवायचं नव्हतं, त्याला मुद्दाम २३ जणांत घेतलं, तिसरा गोलकीपर म्हणून आणि संघाचा म्होरक्या म्हणून. खेळाडूंच्या बैठका तोच बोलवायचा. १९९८ मध्ये काझुला अशी जागा देता आली असती. मला वाटतं ओकादा बारा वर्षांत हेच शिकला. माझा राग थोडा उतरला, गेला नाही.

---

शाहू_गॅलरी

अकरा_नंबर, कावागुचीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. दोन विश्वचषक शेजारी ठेवून तुम्ही जे दाखवलंत, ते मूळ धाग्यात असायला हवं होतं.

जोहोर बाहरूच्या आदल्या रात्रीबद्दल ओकादाने पुढे व्याख्यानांत सांगितलेली गोष्ट इथे लिहावीशी वाटते. त्याने हॉटेलातून बायकोला फोन केला आणि म्हणाला की उद्या हरलो तर बहुधा जपानला परत येता येणार नाही. फोन ठेवल्यावर मात्र मन एकदम मोकळं झालं. आपल्यात जेवढं आहे तेवढं उद्या द्यायचं, आणि ते पुरलं नाही तर ज्यांनी मला निवडलं त्या अध्यक्षांची ती चूक. असा विचार आल्यावर त्याची भीती गेली.

मी शाळेच्या पोरांना फुटबॉल शिकवतो, पगारी नाही, हौस म्हणून. मागच्या वर्षी आमच्या एका स्पर्धेत मी एका मुलाला, जो सगळ्यांचा लाडका होता, अंतिम सामन्यात बसवलं. हरलो. त्या मुलाचे वडील तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. ओकादाच्या तुलनेत हे काहीच नाही, मला माहीत आहे. पण त्या काळात मी ही फोनची गोष्ट फार वेळा आठवली.

---

आकडेमोड

शाहू_गॅलरी, खुर्ची सोडून दहा वर्षं जाऊ द्या, असं तुम्ही म्हणालात. ओकादाने शेवटचं प्रशिक्षकपद २०१३ मध्ये चीनच्या हांगझोऊत सोडलं. म्हणजे दहा वर्षं झाली. मग विचारू या ना. आज तो कुठे आहे?

मधल्या काळातल्या क्लबांची नोंदही हवी. १९९८ नंतर तो साप्पोरोला, दुसऱ्या श्रेणीच्या क्लबकडे गेला. पहिल्या वर्षी जमलं नाही, २००० मध्ये वर आणला. मग योकोहामा एफ. मारिनोसबरोबर २००३ आणि २००४, लागोपाठ दोन विजेतेपदं. लोक फक्त दोन विश्वचषक धरतात आणि ही वर्षं वगळतात. माझ्या मते त्याचं खरं प्रशिक्षण या वर्षांत दिसतं.

---

सई_ओसाका

आकडेमोड, आज ओकादासान इमाबारीत आहेत, आणि याबद्दल मी सलग तासभर बोलू शकते.

इमाबारी हे शिकोकू बेटावरचं, एहिमे प्रांतातलं गाव. टॉवेल आणि जहाजबांधणी, या दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. दीड लाखाच्या आसपास वस्ती, तरुण मुलं शहराकडे निघून जाणारी. आपल्याकडच्या कितीतरी तालुक्यांची हीच कथा आहे. २०१४ मध्ये त्यांनी तिथला एक छोटा क्लब हाती घेतला, तोही प्रशिक्षक म्हणून नाही, मालक म्हणून. क्लब तेव्हा शिकोकूच्या प्रादेशिक लीगमध्ये, म्हणजे पाचव्या पायरीवर. दोन विश्वचषकांचा कांतोकु तिथे प्रायोजक शोधत फिरायला लागला.

२०१७ मध्ये क्लब चौथ्या पायरीवर, २०२० मध्ये तिसऱ्या, २०२५ मध्ये जे-टू मध्ये, म्हणजे दुसऱ्या. २०२३ ला नवीन मैदान उघडलं, पाच हजारांच्या थोडं वर क्षमता, आणि नाव काय तर 'सातोयामा'. सातोयामा म्हणजे गावाला लागून असलेलं डोंगररान, जिथून गाव सरपण, कंदमुळं, गवत आणतं. आपलं गायरान आणि देवराई यांच्या मधलं काहीतरी. स्टेडियमला असं नाव दिलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. २०२४ मध्ये क्लबच्या नावाने उच्च माध्यमिक शाळाही सुरू केली आणि तिची धुरा स्वतः घेतली.

मी दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर गेले होते. स्टेशनवरून टॅक्सी घेतली, चालक साठीचे गृहस्थ. मी मुद्दाम विचारलं, ओका-चानमुळे गावात काही बदललं का? ते आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, आम्ही इथे ओकादासान म्हणतो. मग जरा वेळाने म्हणाले, शनिवारी नातू कुठे जाऊ म्हणून विचारायचा, आता विचारत नाही.

देशासाठी ते ओका-चान आहेत, इमाबारीत ओकादासान. मला दुसरा क्रमांक पहिल्यापेक्षा वरचा वाटला.

---

तळेगावकरीण

सई, हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. तिला फुटबॉल कळत नाही, गाव रिकामं होणं कळतं. तिने टॅक्सीवाल्याचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

---

जुना_रेडिओ

मोरियासूचं नाव कुणीच घेतलं नाही. दोहाच्या त्या रात्री मैदानावर असलेला हा खेळाडू २०२२ च्या विश्वचषकात त्याच दोहात प्रशिक्षक म्हणून उभा होता. जर्मनीला २-१ हरवलं तेव्हा देव, चार दिवसांनी कोस्टा रिकाकडून ०-१ हरल्यावर नालायक, आणखी चार दिवसांनी स्पेनला २-१ हरवलं तेव्हा पुन्हा देव. ओकादाला तळ ते शिखर जायला बारा वर्षांत दोन फेऱ्या लागल्या, याची फेरी आठ दिवसांत पुरी झाली. तो अजून काम करतोय, म्हणून तुमच्या निवृत्तांच्या यादीत नाही. पण नोंद असू द्या.

---

बालेवाडी_स्टँड

काका, तो स्पेनचा सामना मध्यरात्रीनंतर होता आणि मी दुसऱ्या दिवशीची परीक्षा सोडून पाहिला. मितोमाने रेषेवरून परत ओढलेला तो चेंडू!

माझं मत: कामामोतो पहिला, काझु दुसरा, ओकादा तिसरा. प्रशिक्षक म्हणूनच विचाराल तर ओकादा पहिला.

---

अकरा_नंबर

काझु पहिला. यात बदल होणार नाही. तो पन्नाशी उलटल्यावरही खेळत राहिला, त्यामुळे तो निवृत्तांच्या यादीत मुळी येतच नाही, आणि मला त्याचा आनंद आहे. निवृत्तांत कामामोतो. ओकादा तिसरा नाही, दुसरा. इमाबारीमुळे.

---

शाहू_गॅलरी

अकरा_नंबरांकडून दुसरा क्रमांक! धागा काढल्याचं सार्थक झालं.

सईताई, एक विचारायचं होतं. पुढच्या वर्षी भाऊ कामासाठी ओसाकाला येतोय, मी दहा दिवस त्याच्याकडे येईन. इमाबारीला सामना बघायचा आहे. ओसाकाहून एका दिवसात जाऊन येता येईल का? आणि तिकीट आधी काढावं लागतं का?

---

सई_ओसाका

जरूर या. शिन-ओसाकाहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) ओकायामा, तिथून 'शिओकाझे' एक्सप्रेस थेट इमाबारीला जाते, समुद्रावरच्या पुलावरून, खिडकीची जागा घ्या. सामना दुपारचा असला तर एका दिवसात जमेल, पण घाई होईल. एक रात्र राहा. सायकल चालवत असाल तर ओनोमिचीपासून बेटांवरून जाणारा शिमानामी मार्ग साधारण ७० किलोमीटरचा आहे आणि थेट इमाबारीतच उतरतो.

तिकिटाचं मी बघते, तारखा कळवा. आणि तुमच्या त्या मुलांसाठी टॉवेल घ्यायला बॅगेत जागा ठेवा. ज्याला बसवलं होतं त्याच्यासाठी एक वेगळा.